पार्श्वभूमी: ‘टाकवत नाही’ या तक्रारीचं निदान कसं झालं

जास्तीचं सामान काढायला सकाळी बसावं आणि संध्याकाळपर्यंत ते नुसतं या खोलीतून त्या खोलीत जावं, हा अनुभव कोणालाच नवा नाही. त्याच्या टोकाच्या रूपाला वैद्यकात ‘होर्डिंग डिसऑर्डर’ (वस्तू साठवत राहण्याचा, टाकता न येण्याचा विकार) हे स्वतःचं नाव मिळालं ते मात्र मे २०१३ मध्ये, मनोविकारांच्या अमेरिकी नियमपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत. तोवर ते दुसऱ्या विकारांच्या घरी पोटभाडेकरू होतं. १९८७ च्या आवृत्तीत अतिकाटेकोर, हट्टी व्यक्तिमत्त्वाच्या लक्षणांमध्ये त्याला एक ओळ होती: झिजलेल्या, कवडीमोल वस्तू, त्यांच्यात भावना गुंतलेली नसतानाही, टाकता न येणं. १९९४ मध्येही जवळपास तीच ओळ. प्रकार फारच हाताबाहेर गेला, तर मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा विचार करावा, अशी पुस्ती तेवढी जोडलेली होती.

त्याआधीचा इतिहास विरळ आहे. अपरिग्रहाचा उपदेश दीड हजारांहून जास्त वर्षं जुना, पण त्याचा रोख मोहावर होता, अडगळीवर नव्हे. सामान्य घरात तेव्हा टाकण्याजोगं होतंच किती? सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये माणूस गेला की त्याच्या चीजवस्तूंची यादी करत. त्या याद्यांत जुन्या अंथरुणाला आणि मोडक्या लोखंडालाही किंमत लावलेली दिसते. विसाव्या शतकात हे गणित उलटलं. १९५६ मध्ये आधुनिक कंटेनर वाहतुकीचं पहिलं जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलं, आणि पुढच्या काही दशकांत जगाच्या दुसऱ्या टोकाची वस्तू घरात आणणं स्वस्त झालं. ती घराबाहेर काढायचे कष्ट मात्र होते तेवढेच राहिले. २००१ ते २००५ या काळात लॉस एंजेलिसमधल्या ३२ मध्यमवर्गीय घरांची पाहणी झाली. मोजणीला घेतलेल्या पहिल्याच घरात तीन खोल्यांत २,२६० वस्तू निघाल्या, त्याही फक्त नजरेला दिसणाऱ्या. कपाटांच्या आतलं मोजलंच नव्हतं.

मानसशास्त्राने या प्रश्नाकडे आधी तिरकस नजरेनेच पाहिलं. १९०८ च्या एका गाजलेल्या निबंधात टापटीप, कंजूषपणा आणि हट्ट या त्रिकुटाचं मूळ बालपणीच्या शौचाच्या सवयींत शोधलं गेलं. वर दिलेली १९८७ ची ओळ त्याच घराण्यातली. म्हणून तर ज्याच्या घरात पाऊल ठेवायला जागा नाही, त्याचं लक्षण अतिटापटीप माणसाच्या खात्यात जमा झालं होतं.

१९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात दोन वृद्ध भाऊ त्यांच्याच घरात मृत सापडले. सामान शंभर टनांहून जास्त, त्यात १४ पियानो. हे आकडे सगळे सांगतात. एका भावाची दृष्टी गेली होती आणि ती परत आली की त्याला वाचता यावीत म्हणून दुसऱ्याने वर्षानुवर्षांची वर्तमानपत्रं जपून ठेवली होती, हे फार थोडे सांगतात. त्या गठ्ठ्यांना ‘कवडीमोल’ म्हणणं सोपं आहे. ‘भावना न गुंतलेले’ कसं म्हणणार?

नावांचा घोळ वेगळाच. १९७५ मध्ये, घाणीत आणि पसाऱ्यात एकटं राहणाऱ्या वृद्धांच्या अवस्थेला ‘डायोजिनिस सिंड्रोम’ म्हटलं गेलं. तो ग्रीक तत्त्वज्ञ मडक्यात राहायचा, आणि एका मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने स्वतःचा प्यालाही फेकून दिला, अशी कथा आहे. साठवणाऱ्यांना यापेक्षा चुकीचा कुलपुरुष शोधूनही मिळाला नसता. मराठीत अडचण आणखी वाढते. ‘साठेबाजी’ म्हटलं की नफ्यासाठी माल दडवणारा व्यापारी डोळ्यांपुढे येतो. ‘संग्रह’ म्हटलं की प्रतिष्ठा येते. ‘पसारा’ तासाभरात आवरतो, आणि ‘अडगळ’ हा तर निकालच आहे, तोही बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्या माणसाने दिलेला.

आता २०१३ च्या निर्णयाकडे. त्याची तयारी वीस वर्षं चालली होती. १९९३ मध्ये या विषयावरचा पहिला पद्धतशीर अभ्यास आला, १९९६ मध्ये व्याख्या. त्या व्याख्येत तीन गोष्टी होत्या: निरुपयोगी किंवा फारशा मोलाच्या न वाटणाऱ्या वस्तू भरमसाट आणणं आणि टाकू न शकणं, त्यापायी खोल्या वापरता न येणं, आणि त्याचा जाच. यातलं ‘निरुपयोगी वाटणाऱ्या’ हे कोणाला वाटणाऱ्या, असा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. २०१३ मध्ये त्याचं उत्तर देण्याऐवजी तो प्रश्नच काढून टाकला गेला. नव्या निकषात वस्तूचं खरं मोल काहीही असो, तिच्यापासून वेगळं होणं सतत अवघड जातं का, एवढंच विचारलं आहे. बोट ढिगाकडून हाताकडे वळलं. माझ्या मते सगळ्या इतिहासातला हा सर्वात मोठा बदल, आणि चर्चेत तोच मागे राहतो.

चर्चा झाली ती मंत्रचळापासून हे वेगळं काढावं का, यावर. वेगळं काढणाऱ्यांची बाजू मला भक्कम वाटते. मंत्रचळात विचार नको असताना घुसतात. इथे वस्तूबद्दलचा विचार परका वाटत नाही, उलट ती आणताना आनंद होतो. त्रास सुरू होतो टाकायची वेळ आली की. मंत्रचळावरचे नेहमीचे उपचारही इथे कमी लागू पडत होते. निर्णयाच्या आधीच्या वर्षी, २०१२ मध्ये, मेंदूच्या प्रतिमा घेणारा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना स्वतःचे आणि परके कागद दाखवून ठेवायचे की फाडायचे, हे विचारलं. साठवणाऱ्यांच्या मेंदूतले निर्णयाशी जोडलेले दोन भाग परक्या कागदांना थंड राहिले आणि स्वतःच्या कागदांना पेटून उठले. साधं हँडबिलही ‘माझं’ असलं की पुरे.

जवळून पाहिलं तर प्रकार असा दिसतो. ढिगातून एक कागद उचलला जातो: बंद पडलेल्या यंत्राचं माहितीपत्रक. तो वाचला जातो, कधीतरी लागेल असं वाटतं, आत ठेवला तर विसरू अशी भीती वाटते, म्हणून तो डोळ्यांसमोर राहावा या हिशेबाने ढिगावर सर्वात वर ठेवला जातो. मग पुढचा कागद, तोही सर्वात वर. दोन तासांनी ढीग तेवढाच, फक्त घुसळलेला. याला आळस म्हणणाऱ्याने ते दोन तास शेजारी बसून पाहावेत.

विरोधकांचा मुद्दाही पोकळ नव्हता. नाव मिळालं की ते कोणाच्याही घरावर चिकटवलं जातं, आणि तसंच झालं. वायरींनी भरलेला एक खण एवढ्याच भांडवलावर लोक आज एकमेकांना रोगी ठरवतात. निकषात मात्र पसाऱ्याने राहत्या खोल्यांचा वापरच बिघडलेला असणं, आणि त्रास किंवा कामकाजात अडथळा ठळक असणं, दोन्ही लागतं. ‘भरलेली खोली’ म्हणजे काय यावर वाद होतात म्हणून २००८ मध्ये छायाचित्रांची एक पट्टी तयार झाली: स्वयंपाकघर, झोपायची खोली, बैठकीची खोली, प्रत्येकीची चढत्या पसाऱ्याची नऊ चित्रं. आपली खोली कुठल्या चित्रासारखी, एवढंच दाखवायचं. जुनी १९८७ ची ओळही २०१३ च्या पुस्तिकेतून गेली नाही. ती व्यक्तिमत्त्वाच्या प्रकरणात अजून आहे. अडगळीवरचं प्रकरण लिहिणाऱ्यांनाही ती काढवली नसावी.

बाकी घडामोडी भराभर झाल्या. २००९ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर अशा घरांचा कार्यक्रम सुरू झाला आणि दुसऱ्याची लाज हा करमणुकीचा माल झाला. २०१४ पासून आवराआवरीच्या जपानी पद्धतीची लाट इंग्रजीतून जगभर गेली. तिचा उपयोग बहुतेक अशांना, ज्यांना टाकता येतं पण मुहूर्त मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गवारीच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हा विकार स्वतंत्र आहेच. तिथे वस्तू आणण्याची ओढही व्याख्येतच घेतली आहे, अमेरिकी पुस्तिकेत ती जोडटीप आहे.

२०१५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ४७ वर्षांच्या माणसाची नोंद आली. तो दिवसाला सुमारे हजार छायाचित्रं काढायचा आणि त्यातलं एकही त्याला पुसवत नव्हतं. खोल्या व्यापण्याच्या निकषात ती हार्डडिस्क कुठे बसवायची, यावर दोन्ही पुस्तिका गप्प आहेत.