जुनी टू-स्ट्रोक मातीत उतरवण्याआधी

आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक, सांगली

जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल गॅरेजात घेण्याआधी आमचा प्रश्न ठरलेला असतो. मिरवायची आहे की मातीच्या शर्यतीत पळवायची? बहुतेक जण हसून "दोन्ही" म्हणतात. एका गाडीत दोन्ही जमत नाही. का जमत नाही, पैसा कुठे जातो आणि आम्ही कशाला नाही म्हणतो, हे दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा लिहून दिलेलं बरं, म्हणून हे पत्रक. चहा येईपर्यंत वाचा, मग गाडीचं बोलू.

बेंदराला शिंगं रंगवली म्हणून बैल शर्यतीत पळत नाही. मिरवायच्या गाडीत मूळ रंग, मूळ बॅज, कंपनीचा बोल्टसुद्धा जपायचा असतो. पळवायच्या गाडीत यातलं निम्मं पहिल्या उडीला निखळतं. तिथे पैसा जातो तो न दिसणाऱ्या जागी : क्रँक (पिस्टनच्या वर-खाली चालीने फिरणारा इंजिनचा दांडा), बेअरिंग, ऑइल सील, स्पोक, शॉकअप. हे ज्यांना जड वाटतं त्यांनी खुशाल मिरवायची गाडी करून घ्यावी. तेही काम आम्ही आवडीने करतो, फक्त ती गाडी नंतर मातीत घालू नका.

कोणती गाडी घ्यावी

सीझेड, मायको, हुस्कवर्ना या खऱ्या जुन्या मोटोक्रॉस (मातीच्या, उड्यांच्या मैदानावरची शर्यत) गाड्या आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. आपल्या हाताशी असलेली, त्या घराण्याच्या जवळची गाडी म्हणजे जावा. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर गाड्या काढल्या, पुढे त्याच येझदी झाल्या आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. तिकडे जावा आणि सीझेड यांचं काम एकमेकांशी जोडलेलं होतं. १९६४ ला जोएल रोबेर या विशीतल्या बेल्जियन पोराने २५० सीसीची सीझेड घेऊन मोटोक्रॉसचं जागतिक विजेतेपद मारलं. १९६६ ला पॉल फ्रीडरिक्सने ५०० च्या गटातही सीझेडच पुढे काढली, आणि त्या गटात टू-स्ट्रोकने जिंकायची ती पहिलीच वेळ. आजोबांची येझदी घेऊन येणाऱ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. दूधवाल्याची गाडी म्हणून तिला उगाच हिणवू नका.

पण खरं सांगायचं तर मातीत पहिली गाडी म्हणून येझदी घेऊ नका, फार जड आहे. यामाहाची आरएक्स १०० घ्या. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, १९८५ ते १९९६ या काळातली, आणि हलकी. पडलात तरी एकट्याने उचलता येते. सुझुकी शोगनही चांगली, मात्र तिचे सुटे भाग शोधायला वेळ लागतो. राजदूत १७५ दणकट आहे, पण उड्यांसाठी नाही.

राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी, कापून मातीची गाडी करायची असेल तर आमच्याकडे आणू नका. १९८३ ते १९८९ एवढीच वर्षं ती इथे बनली. आता ज्या उरल्यात त्या जशा आहेत तशा राहिलेल्या बऱ्या.

कागदपत्रं

आरसी बुक नसलेल्या गाडीला आम्ही हात लावत नाही. चेसिस नंबर घासलेला, ठोकलेला किंवा वेल्डिंगखाली गेलेला असेल तरी नाही. आमच्याकडे सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने रंग-गंज काढायला) चेसिस जाण्याआधी नंबरचा फोटो काढतो, त्यावर जाड टेप मारतो आणि रंगाचा थरही तिथे पातळच ठेवतो.

चेसिसमध्ये, इंजिनमध्ये बदल केलेली शर्यतीची गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. ती टेम्पोत घालूनच मैदानावर न्यायची. विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नेहमीच्या पॉलिसीत शर्यत वगळलेलीच असते, बारीक अक्षरांत वाचा.

पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून तिची वेगळी नोंद होते, व्हीए अक्षरांची नंबरप्लेट मिळते. पण मग ती रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं इतकंच. आणि "मूळ रूपात" ही अट पाहता पळवायची गाडी त्यात बसत नाही, हे उघड आहे.

इंजिन उघडल्यावर

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँककेस हाच पंप असतो. कार्बोरेटरमधून आलेलं मिश्रण आधी खाली ओढलं जातं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये चढतं. त्यामुळे क्रँकच्या दोन टोकांची साधी रबरी सीलं गेली की सगळंच बिघडतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर तिथून जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि भर वेगात पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जाऊन जळतं आणि पांढरा धूर थांबत नाही. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "रिंगा गेल्यात." रिंगा बदलल्या तरी धूर तसाच राहतो, कारण टू-स्ट्रोकच्या रिंगांचं काम ऑइल अडवणं नसतंच.

म्हणून इंजिन जोडून झालं की आम्ही सायलेन्सरची आणि कार्बोरेटरची तोंडं रबरी बुचांनी बंद करतो, हातपंपाने सहा पीएसआय दाब भरतो आणि काट्याकडे बघत बसतो. काटा उतरू लागला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा कुठे येतो ते शोधायचं. कधी सील, कधी पॅकिंग, कधी ओतीव केसलाच केसासारखी बारीक चीर. काटा जागेवर राहिल्याशिवाय गाडीला पहिली किक मारत नाही. तुमच्यासमोर करून दाखवतो, हवं तर त्या दिवशी या.

क्रँकला नवी कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) किट घालायची तर ती प्रेसवर उघडावी लागते. परत दाबून बसवली की क्रँकची दोन चाकं एका रेषेत असतीलच असं नाही. मग सेंटरवर फिरवायची, डायल गेज लावायचा, तांब्याच्या हातोडीचा एक ठोका, पुन्हा फिरवायची, पुन्हा बघायचं. तीन शतांश मिलिमीटरच्या आत आली की थांबतो. घाईत कुठे तरी पाच-सहावर सोडलेली क्रँक रस्त्यावर चालून जाते, मैदानात मात्र बेअरिंग खाते. हे लेथचं आणि बोअरचं काम आम्ही कुपवाड एमआयडीसीत करून घेतो. किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये नांगराचा कारखाना आला तेव्हापासून या भागाला लोखंडाचं काम ठाऊक आहे, त्यासाठी पुण्याला धावायची गरज पडत नाही.

आरएक्सचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर. पाव-पाव मिलिमीटरने तो वाढवत नेता येतो, चार पायऱ्या झाल्या की नवी स्लीव्ह. तुमच्या गाडीचा बोअर आधीच कितव्या पायरीवर आहे हे हेड उघडल्यावरच कळतं, म्हणून फोनवर भाव विचारू नका.

सायलेन्सर कापू नका

हा एक मुद्दा आम्हाला ठळक लिहावासा वाटतो, कारण निम्म्या गाड्या कापलेला सायलेन्सर घेऊनच येतात. आवाज वाढला की ताकद वाढली असं वाटतं. टू-स्ट्रोकमध्ये घडतं ते उलट. एक्झॉस्टचं तोंड उघडलं की जळलेल्या वायूबरोबर दाबाची लाट पाइपातून धावत सुटते. पाइप जिथे पसरत जातो तिथून ओढ तयार होऊन सिलिंडर साफ होतो आणि ताजं मिश्रणही थोडं बाहेर येतं. पुढे पाइप निमुळता होतो तिथून लाट परत फिरते आणि बाहेर आलेलं ते मिश्रण तोंड बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. शर्यतीच्या गाडीचं पोटफुगं सायलेन्सर याचसाठी असतं. तुम्ही ते मध्येच कापलं की लाट परतच येत नाही. पेट्रोल न जळता बाहेर, ताकद कमी, कानाला मात्र भरपूर. शिवाय जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तोच ठेवला तर मिश्रणाचं गणितही बिघडतं.

सायलेन्सर आतून काजळीने बुजलं असेल तर ते कॉस्टिक सोड्यात ठेवून साफ करून देतो. गाडी मेल्यासारखी चालते त्याचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं.

पेट्रोल, आपल्याच उसाचं

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यात उसाशी ज्याचा संबंध नाही असा माणूस विरळा, त्यामुळे इथेनॉलविरुद्ध बोलणं जिवावर येतं. पण कार्बोरेटरला ऊसदर कळत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळं साचतं, तिथूनच गंज धरतो. जुनी रबरं फुगतात, कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या सुईचं टोक चिकटतं, पेट्रोलची जुनी नळी आतून सोलून तिचे कण जेटमध्ये जाऊन बसतात. मिश्रणही थोडं पातळ पडतं, म्हणून आम्ही मेन जेट एक नंबर वरचा घालून सुरुवात करतो आणि प्लगचा रंग बघून ठरवतो. चॉकलेटी आला तर ठीक. पांढरट आला तर गाडी तिथेच थांबवा, घरापर्यंतसुद्धा चालवू नका.

शर्यत झाली की टाकी रिकामी करा, फ्लोटच्या वाटीचा स्क्रू सोडून तीही. ऑइल मिसळलेलं पेट्रोल पुढच्या महिन्यासाठी कॅनमध्ये ठेवू नका.

ऑइल : जावा-येझदीत पेट्रोलच्या लिटरला ४० मिलि आम्ही धरतो. आरएक्सला वेगळा ऑइल पंप असतो. शर्यतीच्या गाडीत आम्ही तो काढून मिसळलेल्या पेट्रोलवर आणतो, कारण पंपाची केबल तुटली तर कळतं ते पिस्टन पकडल्यावरच.

गंज आणि पूर

लोखंडी भागांचा गंज काढायला आम्ही ॲसिड वापरत नाही, साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) वापरतो. पशुखाद्यात जाते तीच. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात. ब्रॅकेट, स्टँड, किकचा दांडा, सगळं त्यात बुडवून दोन-तीन आठवडे विसरायचं. मळी गंज सोडवते आणि खालच्या पोलादाला धक्का लावत नाही, बाहेर निघतो तो राखाडी, स्वच्छ भाग. वास विचारू नका. शेजारच्यांची तक्रार असते, पिंप मागच्या बाजूला ठेवलंय. ॲल्युमिनिअम मात्र चुकूनही त्यात टाकू नका, मळी ते खाते. घरी करून बघणाऱ्यांनी कार्बोरेटर आणि इंजिनची केस बाजूला ठेवावी.

पुरात बुडालेल्या गाड्या हा आपल्याकडचा खास प्रकार. २००५, २०१९, २०२१, दर वेळी कृष्णेने गाड्या दिल्या. आयर्विन पुलाची पातळी ४५ फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे निघाली की गाडी माडीवर चढवा, आधी टीव्ही नाही. आणि बुडालीच तर पाणी ओसरल्यावर किक मारून बघायचा मोह आवरा. कार्बोरेटर आणि सायलेन्सरमधून बारीक गाळ आत गेलेला असतो, दोन-चार किकांत तो सिलिंडरला ओरखडे पाडतो. प्लग काढा, त्या भोकातून डिझेल भरा, गाडी ढकलत किंवा टेम्पोतून आणा. आठवड्याच्या आत आली तर क्रँक बहुधा वाचते. महिनाभर अंगणात राहिली तर कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या सुई-बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडतात, मग किट घालण्यावाचून इलाज नाही.

शॉकअप, चाकं, चेसिस

लांब शॉकअप लावून मागून उंच केलेली गाडी रुबाबदार दिसते आणि वळणावर हँडल हातात राहत नाही. मागची बाजू वर गेली की पुढच्या फोर्कचा कोन उभा होतो. १९७३ ला हाकान अँडरसनने यामाहाच्या एकाच शॉकअपच्या गाडीवर २५० चं विजेतेपद घेतलं आणि दोन शॉकअपच्या गाड्या हळूहळू जुन्या पडल्या. त्याआधीच्या गाड्यांना मागे जेमतेम चार इंचांची हालचाल असायची. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या एएचआरएमए या संस्थेच्या व्हिंटेज गटातही पुढे सात आणि मागे चार इंच हीच मर्यादा आहे. आम्हीही त्याच मापात राहतो. चेसिस त्यापलीकडचं सहन करायला बनलेलीच नाही.

चेसिसवर तडे बघायच्या जागा तीन : हँडलच्या मानेखाली, मागचं चाक धरणारा चिमटा जिथे अडकतो तिथे, आणि पायदानाच्या मुळाशी. पावडर कोटिंग करून विकायला आलेली चेसिस घेताना सांभाळा, त्या थराखाली तडा दिसत नाही. स्पोक नवेच घालतो, यात घासाघीस नको.

मैदानावर जाण्याआधी

देशातल्या मोटर स्पोर्टचा कारभार एफएमएससीआय पाहते. तिच्या मान्यतेच्या शर्यतीत उतरायला तिचं लायसन लागतं. गाडी तपासणीला जाते तेव्हा क्लच-ब्रेकच्या लिव्हरला टोकाला गोळी हवी, पायदान दुमडणारं हवं, इंजिन बंद करायचं बटण चालू हवं, स्टँड आणि काचा काढलेल्या हव्यात. हे सगळं आम्ही करून देतो. हेल्मेट, गॉगल, छाती-पाठीचं कवच, गुडघ्याचे गार्ड आणि उंच बूट तुम्ही आणायचे. चपलेवर ट्रायल मारू देत नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. कुणाच्या तरी रानात भरवलेल्या, ॲम्ब्युलन्स नसलेल्या शर्यतीला आम्ही गाडी घेऊन येत नाही.

अटी

अंदाज दोनदा देतो. एक गाडी बघून, दुसरा इंजिन उघडून, आणि खरा तो दुसरा. तो मान्य नसेल तर इंजिन सुटं, खोक्यात भरून परत मिळेल, उघडण्याची मजुरी तेवढी द्यावी लागेल. एक तृतीयांश रक्कम आगाऊ घेतो, सुटे भाग त्यातूनच येतात. जून ते सप्टेंबर रंगकाम करत नाही, हवेतल्या ओलीने रंगावर पांढरी झाक येते. त्या काळात इंजिनची कामं घेतो. काढलेले जुने भाग तुम्हाला दाखवून पिशवीत बांधून ठेवतो, गाडी नेताना तेही न्या. आणि गाडी आणताना घरी डब्यात पडलेले जुने नट-बोल्ट, वायसर, स्प्रिंगा असतील तर त्याही घेऊन या, गंजलेल्या असल्या तरी चालतील. नमुना हातात असला की नवा बनवून घेता येतो.