थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा: कागदं नागपुरातच अडतात, आधी ती काढा

आमच्या कॉलनीत संध्याकाळी बाकावर बसणारी जी मंडळी आहे ना, त्यांच्यात गेलं वर्षभर एकच विषय चालू राहिला, रिटायर झाल्यावर बाहेर कुठंतरी गरम आणि स्वस्त देशात जाऊन राहायचं. आता नागपूरच्या माणसाला गरम देशाचं काय कौतुक, मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो अन् दिवसातून दोनदा कूलरमध्ये पाणी भरण्यातच जीव जातो. पण त्यांना उन्हाचं कौतुक नसते, डिसेंबर-जानेवारीत गुडघे धरतात ते नको असते, आणि समुद्र पाहिजे असतो, जो आपल्याइथून कुठल्याही बाजूनं लांबच आहे.

मी बँकेत नोकरी केली, फॉर्म भरायची सवय आहे, म्हणून सगळे माझ्याकडेच येतात. शेजारच्या एका काकांची फाईल सध्या माझ्या टेबलावर आहे, त्यातून जे समजलं ते लिहून ठेवतो.

देश कोणता, हे आधी. मलेशियाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असते, पण २०२४ मध्ये त्यांनी 'मलेशिया माय सेकंड होम'चे नियम बदलले, आता मुख्य योजनेत सगळ्यात खालच्या सिल्व्हर श्रेणीतही दीड लाख अमेरिकन डॉलर फिक्स डिपॉझिट आणि वरून किमान ६ लाख रिंगिटचं घर घ्यायचं. म्हणजे तो विषय संपला. मॉरिशस मनाला लई पटते, तिथं मराठी बोलणारे लोक आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, पण खर्चाच्या मानानं ते स्वस्तात बसत नाही. उरलं थायलंड. विमान चारेक तासांचं, घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढं, त्यामुळे नातवाशी व्हिडिओ कॉल करायला कोणाला रात्री जागावं लागत नाही. खाजगी दवाखाने चांगले आणि लोक शांत. नागपूरहून थेट विमान मात्र नाही, मुंबई, दिल्ली नाहीतर कोलकात्यावरून जावं लागते.

आता पात्रता. वय ५० पूर्ण पाहिजे, एवढं सोपं. मग पैसे, आणि इथं तीन वाटा आहेत: एक तर बँकेत ८ लाख बात (हे तिथलं चलन) दाखवा, नाहीतर महिन्याला ६५ हजार बात उत्पन्न दाखवा, नाहीतर दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख होतील असं दाखवा. एका बातला अडीच-पावणेतीन रुपये धरले तर ८ लाख बात म्हणजे वीस-बावीस लाख रुपये, आणि ६५ हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन लाखाच्या घरात. आपल्यापैकी किती जणांची पेन्शन पावणेदोन लाख आहे? म्हणून आपल्या लोकांसाठी खरी वाट पहिलीच, पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे एका जागी ठेवून दाखवणं. 'पेन्शनवर आरामात राहू' असं जे लोक सांगून राहिले ते डॉलर-युरोत पेन्शन घेणाऱ्या गोऱ्या लोकांचं गणित आहे. हुआ हिन किंवा चियांग माईला एका बेडरूमचा बरा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, दहा-पंधरा हजार बातला मिळतो, म्हणजे तीस-चाळीस हजार रुपये भाडं, तेवढ्यात इथं नागपुरात मनीषनगरला टू बीएचके मिळून वर भाजीपाला निघतो. तेव्हा स्वस्त म्हणजे अमेरिकेपेक्षा स्वस्त, नागपूरपेक्षा नाही, हे बायकोला आधीच सांगून ठेवा. घर विकत घ्यायचं म्हटलं तर जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, कॉन्डो होतो, तोही बिल्डिंगच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांना देता येतो.

आणखी एक, तिथं कोणतंही काम करायचं नाही, ट्यूशनसुद्धा नाही.

व्हिसाचे प्रकार ऐकून डोकं फिरते, पण आपल्या कामाचे दोनच. 'नॉन-इमिग्रंट ओ-ए' हा इथून, भारतातूनच काढून जायचा, वर्षभराचा. दुसरा साधा 'नॉन-इमिग्रंट ओ', जो ९० दिवसांचा असतो आणि मग तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात वर्षभरासाठी वाढवतात. १० वर्षांचा 'ओ-एक्स' म्हणून एक आहे, त्याच्या यादीत मोजकेच देश आहेत अन् भारत त्यात नाही, त्यामुळे एजंटनं त्याचं नाव घेतलं की उठून या. 'एलटीआर' नावाचाही १० वर्षांचा आहे, त्याच्या पेन्शनरांच्या प्रकाराला साधारण वर्षाला ८० हजार डॉलरचं उत्पन्न लागते, ते आपण सोडून देऊ.

ओ-ए आणि ओ मध्ये खरा फरक विम्याचा. ओ-ए ला ३० लाख बात, म्हणजे १ लाख डॉलर कव्हरचा आरोग्य विमा सक्तीचा आहे, आणि पुढं दरवर्षी मुदत वाढवतानाही तो दाखवावा लागतो. आपला इथला मेडिक्लेम बहुतेक भारतापुरताच असतो, तो चालत नाही. सत्तरी ओलांडली की कंपन्या एक तर नाही म्हणतात नाहीतर प्रीमियम असा सांगतात की माणूस तिथंच बरा होतो. साध्या ओ वर मुदतवाढ घेताना विमा सक्तीचा नाही, पण ८ लाख बात थाई बँकेतच पाहिजे आणि नव्यानं गेलेल्या माणसाला तिथं बँक खातं उघडून मिळवणं ही वेगळीच कसरत आहे. साठीच्या आतबाहेर आहात, शुगर-बीपी आटोक्यात आहे, तर मी ओ-ए च घ्या म्हणेन, कारण पहिल्या वर्षी पैसे आपल्या इथल्या बँकेत असले तरी चालतात.

अर्ज ऑनलाइन आहे. १ जानेवारी २०२५ पासून भारतातून थायलंडचे सगळे व्हिसा त्यांच्या सरकारी ई-व्हिसा पोर्टलवरच भरायचे असतात, महाराष्ट्राचा पत्ता असला की अर्ज मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जातो. फी भरली की भरली, व्हिसा नाकारला तरी परत नाही. कागदं अशी लागतात: पासपोर्ट, ज्याची मुदत किमान १८ महिने शिल्लक पाहिजे, फोटो, बँकेचं स्टेटमेंट आणि बँकेचं लेटरहेडवरचं पत्र, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी), डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि विम्याची पॉलिसी. पीसीसी आणि मेडिकल तीन महिन्यांच्या आतलं पाहिजे, म्हणून ही दोन सगळ्यात शेवटी काढा, उत्साहात आधी काढाल तर शिळी होतात. मेडिकलमध्ये कुष्ठरोग, टीबी, हत्तीपाय, ड्रग्जचं व्यसन आणि तिसऱ्या स्टेजचा सिफिलिस नाही असं डॉक्टरनं लिहून द्यायचं असते. आमच्या काकांनी ती यादी फॅमिली डॉक्टरला वाचून दाखवली तेव्हा दोघंही पाच मिनिटं हसत होते, मग सही झाली.

पीसीसी साठी पासपोर्टच्याच वेबसाइटवर अर्ज, ५०० रुपये फी, अपॉइंटमेंट घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता एक असेल तर लवकर होते, घर बदललं असेल तर पोलीस स्टेशनची फेरी ठरलेली.

आणि आता ते, ज्यात आमची फाईल खरोखर अडली. नावं. काकांच्या पासपोर्टवर नुसतं नाव आहे, पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, नावापुढं 'राव' लागलेलं आहे, बँकेत वडलांच्या नावाचं फक्त इनिशियल आहे. काकूंचं तर विचारूच नका, आधारवर सासरचं नाव, पासपोर्ट दहावीच्या सर्टिफिकेटवरून काढलेला म्हणून माहेरचं आडनाव, आणि बँकेत नावाला 'बाई'. मुंबईत बसलेल्या थाई माणसाला 'राव' आणि 'बाई' म्हणजे काय हे कोण सांगणार, त्याच्या दृष्टीनं ही तीन वेगळी माणसं. म्हणून पहिल्या दिवशी पासपोर्ट, आधार, पॅन, पासबुक आणि पीपीओ टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. पासपोर्ट हा मूळ धरा आणि बाकी सगळं त्याच्यासारखं करून घ्या, उलटं करायला जाल तर वेळ दुप्पट.

दुसरी अडचण लग्नाचा दाखला. बायको पन्नाशीच्या पुढं असेल आणि तिच्या नावावरही वेगळे ८ लाख बात दाखवता येत असतील तर ती स्वतःचा अर्ज करू शकते, नाहीतर नवऱ्याच्या आधारानं ओ व्हिसावर जायचं आणि मग लग्नाचं सर्टिफिकेट पाहिजे. आता १९८५ च्या लग्नाचं सर्टिफिकेट कोणाकडे असते? लग्न उन्हाळ्यात, गावी, मांडवात झालं, नोंद करायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. ते आजही करता येते, महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात, आपल्या पत्त्याप्रमाणे लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर जे असेल तिथं. नमुना 'ड' भरायचा, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला एखादा फोटो आणि तीन साक्षीदार. अर्जावर लग्न लावणाऱ्या भटजींची सही मागतात, काकांचे भटजी जाऊन वीस वर्षं झाली, तर त्यासाठी अॅफिडेव्हिट करावं लागलं. पत्रिका शेवटी काकूंच्या ट्रंकेत, जरीच्या शालूच्या घडीत सापडली, एका कोपऱ्याला हळद-कुंकू लागलेलं, आणि त्यावर वराच्या नावापुढं 'चि.' आणि मागं 'राव', म्हणजे पुन्हा तोच घोळ. स्कॅन करताना तुकडे पडतील म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढून घेतले.

पैसे पाठवायचं आता. पहिल्या वर्षी पैसे इथं असले तरी दुसऱ्या वर्षी मुदतवाढ पाहिजे तर ते थाई खात्यात लागतातच, अर्जाच्या दोन महिने आधीपासून पूर्ण ८ लाख, नंतर तीन महिने तसेच, आणि मग वर्षभर ४ लाखाच्या खाली येऊ द्यायचे नाहीत. म्हणजे हे पैसे खर्चायचे नसून अडकवून ठेवायचे, घरखर्च वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस मध्ये, म्हणजे बाहेर पैसे पाठवायच्या योजनेत, माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, बँकेत पॅन आणि ए-२ फॉर्म द्यायचा. पण १० लाख रुपयांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते. एकदम २२ लाख पाठवले तर १२ लाखावर २ लाख ४० हजार कापले जातील. रिटर्न भरल्यावर ते वळते होतात किंवा परत येतात, बुडत नाहीत, पण तोवर अडकतात. म्हणून थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवा, दोन आर्थिक वर्षं होतात आणि दोनदा १० लाखाची सूट मिळते.

कायमचं जाणार असाल तर बँकेला सांगून खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं, करून घ्या, एनआरआय झाल्यावर सिनिअर सिटीझन सेव्हिंग स्कीममध्ये नवीन पैसे टाकता येत नाहीत, तेव्हा टाकायचे ते आधी टाका. आणि वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये राहिलात की तिथले टॅक्स रेसिडेंट होता, २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर तिथं टॅक्सचा प्रश्न येतो, भारताशी करार आहे पण हे सीएच्या समोर बसूनच पाहा, बाकावर नाही.

पोहोचल्यावर सुटलो असं नाही. घरमालकानं २४ तासांत टीएम-३० नावाची नोंद करायची असते, त्याच्या मागं तुम्हीच लागा कारण पुढं कागद तुम्हाला मागतात. दर ९० दिवसांनी मी अजून इथंच राहतो हे टीएम-४७ वर कळवायचं, उशीर झाला तर २ हजार बात दंड. वर्षाची मुदतवाढ १९०० बात. मुदतवाढीवर असताना लग्नाकार्याला नागपूरला यायचं असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्या, एका वेळचं १ हजार, कितीही वेळाचं ३८०० बात. ते न घेता विमानात बसलात की मुदतवाढ तिथंच रद्द, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मुदत संपूनही राहिलात तर दिवसाला ५०० बात, जास्तीत जास्त २० हजार.

खाण्याचं मुद्दाम सांगतो, शाकाहारी असाल तर 'जे' हा शब्द पाठ करा, नाहीतर नुसत्या भाजीतही माशाचा सॉस असतो. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र जिकडंतिकडं, तेही मुळासकट वापरतात. चियांग माईला फेब्रुवारी ते एप्रिल शेतं अन् जंगलं जळतात, धुरानं डोळे चुरचुरतात, दम्याच्या माणसानं समुद्राकडचंच गाव पाहावं. खर्रा, आपला सुपारी-तंबाखूचा, विसरा.

हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात परत यायची गरज नाही. जीवन प्रमाण अॅपवर चेहरा दाखवून तिथूनही होते, फक्त अॅपमध्ये जो नंबर द्याल त्याचं सिम सोबत न्या आणि त्याचं रिचार्ज संपू देऊ नका, ओटीपी त्याच्यावर येते. काकांनी आतापासूनच इथं घरात दोनदा करून पाहिलं, एकदा उजेड मागून होता म्हणून चेहरा घेतला नाही, मग गॅलरीत खुर्ची फिरवून बसले तेव्हा झालं.