विसराळू सर्व्हरचा कायमचा पत्ता

पोटात ३६ हार्ड डिस्क, तरी चालू झाल्यावर या यंत्राला स्वतःचं नावही सांगता येत नाही. नेटवर्कवरून बूट होणाऱ्या स्टोरेज सर्व्हरची ही रोजची गोष्ट. सगळ्या डिस्क डेटासाठी राखलेल्या. ऑपरेटिंग सिस्टीम दुसऱ्या यंत्राकडून येते, रॅममध्ये बसते आणि वीज गेली की पुसली जाते. सर्व्हर कितीही असोत, अपडेट एकाच ठिकाणी करायचं, ही त्यातली सोय. मग आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा ठिकाणा, लिहून ठेवायचा कुठे?

चालू होताच नेटवर्क कार्ड हाक मारतं. पाठवणारा ०.०.०.०, म्हणजे बेपत्ता, घेणारा २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ऐकेल तो. सोबत कार्डाची ओळख सांगणारा ४८ बिटांचा मॅक क्रमांक. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर आपल्या वहीत तो क्रमांक शोधतो आणि समोर लिहिलेला पत्ता देतो. थोडक्यात, इथला ‘स्टॅटिक’, म्हणजे कायमचा, पत्ता यंत्रात नसतोच, तो दुसऱ्याच्या वहीत असतो. १९८५ चा बूटपी हा नियम अशा वहीवरच चालायचा. १९९३ मध्ये आलेल्या डीएचसीपीने त्यात भाडेकराराची भर घातली: पत्ता ठरावीक मुदतीपुरता, मग नूतनीकरण.

मोबाइलला भाड्याचा पत्ता चालतो. स्टोरेजला मात्र जपून. सेफ (Ceph) ही अनेक सर्व्हरांवर डेटा पसरवणारी स्टोरेज प्रणाली घ्या. तिचे मॉनिटर, म्हणजे प्रणालीवर लक्ष ठेवणारे प्रोग्रॅम, बहुमताने निर्णय घेतात, म्हणून ते बहुधा तीन किंवा पाच असतात, आणि एकमेकांना नोंदलेल्या आयपी पत्त्यांवरच शोधतात. मॉनिटरचा पत्ता बदलला, की सोबत्यांच्या लेखी तो गायब. डिस्क सांभाळणारे प्रोग्रॅम, म्हणजे ओएसडी, तेवढे हट्टी नाहीत. चालू झाल्यावर ते मॉनिटरला आपला ताजा ठावठिकाणा कळवतात.

खरी मेख आहे ओळख पटवण्यात. कार्ड जळालं, नवं बसवलं, की मॅक बदलतो आणि वहीच्या दृष्टीने परका पाहुणा आला. म्हणून काही ठिकाणी डीएचसीपीची ‘ऑप्शन ८२’ ही सोय वापरतात: यंत्रांच्या केबल जिथे जोडतात तो स्विचच सांगतो, हाक कुठल्या पोर्टमधून आली ते. पत्ता मग यंत्राचा न राहता जागेचा होतो. मला ही पद्धत आवडते, पण केबल चुकीच्या भोकात गेली की पत्तेही बदलतात! आणखी एक छळ म्हणजे दुहेरी नाव. बूट होताना फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर, एक ओळख देतं, नंतर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम दुसरी. वहीत जुळणी मॅकवर बांधलेली नसेल तर एकाच यंत्राला दोन पत्ते मिळतात.

राखीव पत्ते खुल्या वाटपाच्या पट्ट्याबाहेर ठेवायचे, हे तर झालंच.

सगळ्यात वाईट फजिती पूर्ण वीज गेल्यावर होते. डीएचसीपी सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रावर, त्याची डिस्क त्याच सेफवर, आणि सेफ पत्त्यासाठी डीएचसीपीच्या तोंडाकडे बघत बसलेला. म्हणून ती वही स्वतःची डिस्क असलेल्या एखाद्या वेगळ्या, साध्या खोक्यात ठेवतात.