डबक्याचा काठ कुठे संपतो?

हंगामी डबक्यांचा अभ्यास बराच काळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: पाणी किती दिवस टिकतं? डबकं आटतं म्हणून मासे नाहीत, मासे नाहीत म्हणून बेडूकमासे वाचतात. काठाबाहेरची जमीन खऱ्या अर्थाने विचारात आली ती १९९० नंतर.

त्यात पाचोळ्याचा वाटा मोठा. दाट झाडीखाली ऊन पोचत नाही, शेवाळ जेमतेम धरतं. तिथलं अन्न वरून गळतं. भिजलेलं पान बोटांत धरलं की बुळबुळीत लागतं. तो थर बुरशी आणि जिवाणूंचा, बेडूकमासे तोच खरवडून खातात. मऊ, नायट्रोजनयुक्त पान लवकर कुजून पिल्लांना पोसतं. टॅनिनने, म्हणजे पानातल्या तुरट द्रव्याने, भरलेलं पान सावकाश कुजतं आणि पाणी कोऱ्या चहासारखं करून सोडतं. टाक्यांत वेगवेगळा पाचोळा टाकून केलेल्या प्रयोगांत हा फरक पिल्लांच्या वाढीत स्पष्ट दिसला. काठावरची झाडं बदलली की पाण्यातले जीव बदलतात, ते असे.

याच काळात अमेरिकेत 'एकाकी' या शब्दाने घोळ घातला. इलिनॉयमधल्या रेती-खडीच्या जुन्या खाणीत पाणी साचून डबकी झाली होती, स्थलांतरी पक्षी उतरत होते, आणि तिथे कचरा टाकायचा बेत होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच विरुद्ध चार अशा निकालाने ही 'एकाकी' डबकी केंद्रीय जलकायद्याबाहेर गेली. एकाकी कशावरून? नदीला जोडलेली नाहीत म्हणून! जीवशास्त्राच्या दृष्टीने हा निकष फारच तोकडा आहे. डबकं जंगलाशी जोडलेलं असतं, पानांनी आणि पायांनी. २००३ च्या एका आढाव्यात उभयचरांना काठापासून साधारण १५९ ते २९० मीटर जमीन लागते असं दिसलं. युरोपने भूमध्य सागरी प्रदेशातल्या हंगामी तळ्यांना १९९२ मध्येच अग्रक्रमाचा अधिवास मानलं होतं.

अमेरिकेत त्याच न्यायालयाच्या २००६ च्या निकालाने संदिग्धता वाढवली. २०२३ मध्ये पाणथळ जागेला पृष्ठभागावरून सलग पाण्याची जोडणी हवी असं ठरलं, आणि जंगलातल्या डबक्यांची भिस्त राज्यांच्या कायद्यांवर आली. मॅसॅच्युसेट्समध्ये असा कायदा आहे, पण त्यातला डबक्याभोवतीचा अधिवास फार तर १०० फुटांपर्यंत (सुमारे ३० मीटर) धरला जातो. वुड फ्रॉग हा तिथल्या जंगलातला बेडूक मात्र वसंतात थोडे दिवस पाण्यात येतो. थंडी तो त्या १०० फुटांच्या बऱ्याच पलीकडे, पाचोळ्याखाली गोठून काढतो.