फॉन्टची यादी कुणाला मागायची: एक्सएलएसफॉन्ट्स की एफसी-लिस्ट?

नागपुरात महाल-सीताबर्डीकडच्या डीटीपीच्या दुकानात लिनक्स बसवलं की तक्रार हमखास येते: "मराठी फॉन्ट टाकला जी, पण यादीत दिसतच नाही." आधी विचारावं, कोणती यादी पाहिली? कमांड लाइनवर अशा याद्या देणाऱ्या दोन कमांड आहेत आणि दोघी वेगवेगळ्या ठिकाणी चौकशी करतात.

एक्सएलएसफॉन्ट्स थेट पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या डिस्प्ले सर्व्हरला, म्हणजे एक्स सर्व्हरला विचारते. या एक्सच्या 1987 मध्ये आलेल्या एक्स11 आवृत्तीत अक्षरं काढायचं काम सर्व्हरकडेच होतं. प्रोग्रामने फॉन्टचं नाव सांगायचं आणि मजकूर पाठवायचा. ती नावं भली लांब, डॅशने जोडलेल्या 14 रकान्यांची. मधे '13-120-75-75' असं दिसलं तर उंची 13 पिक्सेल, आकार 12 पॉइंट (तो दहापटीत लिहितात) आणि आडवं-उभं रिझोल्यूशन 75. तिथे शून्यं असतील तर फॉन्ट हव्या त्या आकारात मिळतो.

एफसी-लिस्ट सर्व्हरकडे जातच नाही. प्रोग्राम ज्या मशीनवर चालतो, तिथली फॉन्टची फोल्डरं फॉन्टकॉन्फिग ही फॉन्ट शोधून देणारी लायब्ररी वाचते आणि ती यादी ही कमांड दाखवते. म्हणून डिस्प्ले नसला तरी ती चालते. एक्सएलएसफॉन्ट्स मात्र डिस्प्ले उघडता येत नाही म्हणून थांबते. धंतोलीतल्या ऑफिसातून दूरच्या मशीनवर एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करायची सोय) एक्स फॉरवर्डिंग करून, म्हणजे तिथल्या प्रोग्रामच्या खिडक्या आपल्या पडद्यावर आणून शिरलात, तर एकाच टर्मिनलमध्ये एक्सएलएसफॉन्ट्स तुमच्या टेबलावरच्या सर्व्हरचे फॉन्ट सांगेल आणि एफसी-लिस्ट त्या दूरच्या मशीनचे. गोंधळ होतो तो इथेच.

मराठीसाठी माझं मत स्पष्ट आहे: एफसी-लिस्टच पाहा. एक्सच्या जुन्या पद्धतीत एका कोडला एक आकार. आपली वेलांटी व्यंजनाआधी सरकते, 'क्ष' जुळतो, रफार वर चढतो; ही जुळणी तिथे होत नाही. ती हार्फबझसारखी लायब्ररी प्रोग्रामच्या बाजूला करते आणि फायरफॉक्स, लिबरऑफिस, इंकस्केप फॉन्ट शोधतात ते फॉन्टकॉन्फिगमधूनच. एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्राममध्ये मात्र दोन्ही वाटा आहेत: 'एफएन' पर्यायाला पहिल्या यादीतलं नाव लागतं, 'एफए'ला दुसऱ्या.

एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँड या नव्या पद्धतीवर एक्सएलएसफॉन्ट्सला उत्तर देतो तो एक्सवेलँड, म्हणजे वेलँडवर चालणारा एक्स सर्व्हर, तेही तो चालू असेल तरच.

नवा फॉन्ट होम फोल्डरमधल्या '.लोकल/शेअर/फॉन्ट्स'मध्ये टाका, फॉन्टकॉन्फिगची नोंद ताजी करणारी एफसी-कॅश चालवा आणि एफसी-लिस्टला ':लँग=एमआर' अशी गाळणी लावा. लोहित देवनागरी, नोटो सॅन्स देवनागरी बसवलेले असतील तर लगेच दिसतात. कृतिदेव दिसणार नाही. फाइल बिघडलेली नसते. त्यात देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेले आहेत, म्हणून फॉन्टकॉन्फिगच्या लेखी तो मराठीचा फॉन्टच नाही. गाळणी काढून नावाने शोधलात की सापडेल.