मलेशियन साल

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या मागच्या दाराची चौकट वाळवीनं पोखरली, म्हणून मामांना घेऊन वखारीत गेलो. सागाचा भाव ऐकल्यावर मामांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. वखारवाला म्हणाला, “भिया, मलेशियन साल ले लो, आजकल सब यहीच लगा रिये हैं.” त्यानं एक तुकडा कापून दाखवला. तांबूस, जड, आणि कापलेल्या तोंडावर सुईनं टोचल्यासारखी भोकंच भोकं.

हा मंडला-अमरकंटककडचा आपला साल नव्हे, पण कूळ तेच, डिप्टेरोकार्प. आग्नेय आशियातून येणारी या कुळातली बरीच लाकडं ‘मलेशियन साल’ या एकाच नावाखाली खपतात. बोर्निओच्या जंगलाचा सर्वांत वरचा मजला याच कुळानं उभारलेला आहे. तिथल्या साबाह राज्यात, डानम खोऱ्यात, यांतलं एक झाड 2019 मध्ये चढून मोजलं गेलं. उंची भरली 100.8 मीटर, म्हणजे साधारण तीस मजले.

ती भोकं म्हणजे झाडाचे नळ. आम्हां इंदूरकरांना पाणी वर चढवण्याचं अप्रूप नाही. नर्मदेचं पाणी जलूदहून 70 किलोमीटर, घाट चढून आमच्याकडे येतं. पण ते खालून पंपानं ढकललेलं असतं. झाडाला पंप नाही. ते वरून ओढतं. पानातून वाफ निघून जाते आणि तिच्यामागे पाण्याची अखंड तार मुळांपासून ताणली जाते. शंभर मीटर उंचीला नुसतं पाण्याचं वजन पेलायचं, तरी हवेच्या दाबाच्या दहापट ताण लागतो. माती सुकली की तो आणखी वाढतो. अशा ताणलेल्या पाण्यात हवेचा एक बुडबुडा शिरला की तार तुटते आणि तो नळ बाद होतो. लाइनीत हवा धरली की आमच्या गल्लीत काय होतं, ते आठवा. आपण तोटीला तोंड लावून हवा ओढून काढतो, झाडाला तेवढी सोय नाही. पानांची छिद्रं मिटून घेणं त्याच्या हातात असतं, पण मग अन्न बनवणंही थांबतं.

ब्राझीलमधल्या काशिउआनाच्या जंगलात 2002 पासून वीसेक वर्षं एक हेक्टर जमिनीवर प्लास्टिकचं छत घालून निम्मा पाऊस बाहेर वळवला होता. तिथं सर्वांत जास्त मेली ती मोठी झाडं. उपासानं मेली म्हणावं, तर त्यांच्या लाकडात साखर शिल्लक होती. दगा दिला तो नळांनी.

आता लाकूडतोडे नेतात तीही मोठीच झाडं. मग तोडलेल्या जंगलात दुष्काळाला मारण्याजोगं फारसं उरतच नाही, असं म्हणायचं का? काही अंशी ते खरं आहे, पण पुढचं चित्र तितकं बरं नाही. मोठं झाड पडलं की तिथं ऊन उतरतं, आणि त्या उन्हात मॅकरांगासारखी घाईची झाडं फोफावतात. लाकूड हलकं, वाढ भराभर. एरवी ती मजेत असतात, पण हलक्या लाकडाची झाडं दुष्काळात साधारणपणे जास्त मरतात. बुलडोझरच्या वाटांवर माती दाबून घट्ट झालेली असते, त्यामुळे पडलेला पाऊसही मुरायच्या आधी वाहून जातो. शिवाय वरचं छप्पर फाटल्यानं पाचोळा वाळतो आणि टाकून दिलेल्या फांद्यांचं सरपण होतं. 1982-83 च्या एल निनोच्या दुष्काळात बोर्निओच्याच इंडोनेशियाकडच्या पूर्व कालिमांतानमध्ये 30 लाख हेक्टरांहून जास्त प्रदेश जळला. सर्वांत वाईट होरपळली ती तोडलेली जंगलं.

म्हणून अशी जंगलं मेलेलीच समजून तिथं तेलपाम लावावा, हे मात्र मला पटत नाही. साबाहमधल्या एका अभ्यासात (2022) असं दिसलं, की पक्षी आणि सस्तन प्राण्यांपर्यंत पोहोचणारी अन्नातली ऊर्जा जुन्या जंगलापेक्षा तोडलेल्या जंगलात अडीचपट होती. कोवळी, चावायला सोपी पानं आणि फळं तिथं हाताशी असतात.

खरी अडचण बियांची आहे. डिप्टेरोकार्पची झाडं दरवर्षी फुलत नाहीत. काही वर्षं गप्प राहतात आणि मग, बहुधा एल निनोच्या कोरड्या दिवसांत, मैलोन्‌मैल एकदम फुलतात. म्हणजे जो दुष्काळ मारतो, तोच बी धरण्याची वर्दीही देतो. ती वर्दी ऐकायला आईझाडं हवीत, आणि नेमकी तीच चौकटी होऊन गेलेली असतात. साठवणीतलं जुनं बी मातीतून उगवेल, ही आशाही नको. हे बी पडलं की लगेच रुजतं, नाही तर वाया जातं. आपल्या सालाचं बीसुद्धा आठवडाभरातच निकामी होतं. म्हणून साबाहमध्ये माणसं रोपं हातानं लावतात. अशा ठिकाणी जंगल हेक्टरी वर्षाला 4.4 टन कार्बन साठवताना दिसलं. आपोआप सावरणाऱ्या जंगलाचा आकडा 2.9 होता.

मामा इतका वेळ तो तुकडा उजेडात फिरवत होते. “वळी कुठं दिसत नाहीत रे,” ते म्हणाले. “सागात कशी मोजता येतात!” सागाला आपल्याकडे उन्हाळा सोसावा लागतो, पानं झाडावी लागतात, म्हणून त्याच्या लाकडात वर्ष उमटतं. बोर्निओत पाऊस बारमाही. तिथल्या झाडाच्या पोटात वर्षांची नोंद नसते. आम्ही चौकटीचं माप दिलं, आणि ते झाड किती वर्षांचं होतं, हे न कळताच घरी आलो.