इंजिन खोलणे व बांधणे (प्रीमियर पद्मिनी)

प्रीमियर पद्मिनी मोटारीचे पेट्रोल इंजिन गाडीतून उतरवून पूर्ण सुटे करणे, झिजलेले भाग बदलणे किंवा यंत्रावर दुरुस्त करून घेणे आणि इंजिन पुन्हा जुळवणे, असे हे काम. पूर्वी ते फक्त गॅरेजमध्ये होई. आता जुन्या गाड्यांचे शौकीन ते घरच्या पार्किंगमध्ये किंवा वाड्याच्या पडवीतही करतात.

प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. फियाटच्या परवान्याखाली तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ मध्ये आलेली ‘डिलाइट’ पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप अनेक दशके याच गाडीचे होते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिमी, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. ब्लॉक (सिलिंडरांचा मुख्य सांगाडा) बिडाचा, हेड (त्यावरचे झाकण) ॲल्युमिनियमचे, क्रँकला (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याला) तीन मुख्य बेअरिंग, व्हॉल्व्ह (झडपा) पुशरॉड या दांड्यांनी चालणारे. इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ताच नसल्याने घरी शिकायला यासारखे इंजिन क्वचितच मिळेल. (डिझेल पद्मिनीचे इंजिन वेगळे, पुढील वर्णन त्याला लागू नाही.)

इंजिन खोलण्याआधी ते खरोखर खोलायला हवे का, हे ठरवणे महत्त्वाचे. निळा धूर, तेलाचा वाढलेला खप आणि गरम इंजिनावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) लुकलुकणारा ऑइलचा दिवा ही नेहमीची लक्षणे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजावे. एखाद्यात ते कमी आले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (हेड व ब्लॉकमधल्या पातळ थराचा). दुसऱ्या बाबतीत बहुधा फक्त हेड उतरवून भागते.

बॅटरीची तार काढून, पाणी व ऑइल सोडून, बॉनेट आणि रेडिएटर उतरवला की इंजिन गिअरबॉक्सपासून सोडवून चेनकप्पीने उचलता येते. कप्पी घराच्या जुन्या वाशाला टांगू नये. तिला लोखंडी तिकाटणे किंवा भाड्याची इंजिन क्रेन हवी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हेड सोडवतात, नाहीतर ते वाकते. पुशरॉड ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवावेत, कारण प्रत्येक रॉड आपापल्या टॅपेटशी (रॉडला खालून ढकलणाऱ्या ठोकळ्याशी) घासून बसलेला असतो. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन व क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) आणि मुख्य बेअरिंगच्या टोप्यांची अदलाबदल तर अजिबात चालत नाही. त्या जागेवर बसवूनच बोअर केलेल्या असतात. सोडवण्याआधी पंचाने खुणा करून घ्याव्यात. सिलिंडरच्या माथ्यावर रिंगा न पोचलेल्या भागात एक कड उरलेली असते. ती रीमरने (कड खरवडणाऱ्या हत्याराने) काढल्याशिवाय पिस्टन वर ढकलला, तर रिंगांच्या खाचा तुटतात.

या कामाचा गाभा पान्यात नसून मोजमापात आहे. बोअर सरळ झिजत नाही. सर्वांत जास्त झीज माथ्याजवळ होते: तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो आणि स्फोटाचा दाब रिंगांना भिंतीवर रेटतो. शिवाय पिस्टन आडव्या दिशेने, क्रँकच्या अक्षाशी काटकोनात, भिंतीवर दाबला जात असल्याने बोअर अंडाकृती होतो. म्हणून बोअर डायल गेजने वर, मध्ये व खाली, प्रत्येक ठिकाणी उभे-आडवे असे मोजतात. एका सिलिंडरची सहा मापे, चारांची चोवीस. ती कागदावर उतरली की बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणे) टाळता येईल का, हे आपोआप कळते. अंडाकृती बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून घेण्याचा ‘हाफ इंजिन’चा स्वस्त उपाय अजूनही सुचवला जातो, पण गोल रिंग अंडाकृती भोकात बसणार कशी? काही महिन्यांत धूर परत येतो आणि गॅस्केटपासूनचा सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

बोअरिंग, होनिंग (बोअर घासून अंतिम मापाला आणणे), क्रँक ग्राइंडिंग (क्रँक घासून गोल करणे) आणि हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणे) ही कामे घरी होत नाहीत. ती मशीन शॉपची. तिथे मापे ‘थाऊ’त, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात (०.०२५४ मिमी) चालतात. क्रम मात्र उलटा ठेवावा: ओव्हरसाइझ (मूळ मापाहून मोठे) पिस्टन आणि अंडरसाइझ (घासून लहान झालेल्या क्रँकसाठीचे) बेअरिंग आधी हातात घ्यावेत, मग त्या मापाला बोअर व क्रँक करून घ्यावेत. उत्पादन थांबून दोन दशके उलटल्याने हवे ते माप मिळेलच असे नाही. पुण्याची नाना पेठ आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इथली जुनी दुकाने अजूनही शोधण्यासारखी आहेत.

मशीन शॉपमधून आलेला ब्लॉक कितीही चकचकीत दिसला तरी त्यात होनिंगची भुकटी असते. ती रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनी, पांढरे फडके बोअरमधून कोरे बाहेर येईपर्यंत धुवावे लागते, आणि धुतल्याबरोबर ऑइल चोपडावे लागते. दमट हवेत उघड्या बिडावर काही मिनिटांतच गंज चढतो. ऑइलच्या वाटांची बुचे काढून त्याही घासाव्यात.

व्हॉल्व्ह घासणे हे घरी करण्याजोगे सुंदर काम. सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यावर) घासायची पेस्ट लावून, व्हॉल्व्हला चिकटणाऱ्या रबरी चोखणीची काडी दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवत राहायची. व्हॉल्व्ह आणि सीट दोन्हींवर अखंड करडे कडे उमटले की पेस्ट पुसायची. खात्रीसाठी स्प्रिंग बसवून हेड उलटे ठेवावे व चेंबरमध्ये रॉकेल ओतावे. पोर्टमधून (व्हॉल्व्हमागच्या वाटेतून) ओल दिसली, तर पुन्हा घासावे.

जुळवणी करताना टॉर्क रेंचला (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याला) पर्याय नाही. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दाब सगळीकडे सारखा बसावा म्हणून हेडचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळतात. बेअरिंगमधील फट प्लास्टिगेजच्या (दाबून किती चपटा झाला त्यावरून फट सांगणाऱ्या) धाग्याने तपासतात. क्रँक प्रत्येक टोपी आवळल्यावर हाताने फिरवून पाहावा. जिथे तो जड होईल तिथेच थांबून शोध घ्यावा. टॅपेटसाठी फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ उपयोगी पडते: चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलू लागले की पहिल्याचे टॅपेट लावायचे (म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची), दुसऱ्याचे हलले की तिसऱ्याचे, आणि याच्या उलटही.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, आणि व्हॉल्व्हच्या सीटची झीज रोखणारे शिसे गेले. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट वेगळ्या ठोकलेल्या असल्याने नव्या टाकताना कडक धातूच्या घ्याव्यात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही; पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि सर्व नळ्या याच वेळी बदलाव्यात.

ब्लॉकच बदलावा लागला तर इंजिन क्रमांक बदलतो आणि त्याची नोंद आरटीओकडून आरसीवर करून घ्यावी लागते. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. म्हणून मूळ ब्लॉक शक्य तोवर स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) टाकून वाचवणेच श्रेयस्कर.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसत्या स्टार्टरवर फिरवतात. सुरू झाल्यावर ते आयडलला सोडून देऊ नये. कॅम (टॅपेटला ढकलणारा दांडा) आणि टॅपेटला पुरेसे ऑइल मिळावे म्हणून वीसेक मिनिटे सुमारे २,००० आरपीएमवर चालवावे. मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तर हेडचे नट पुन्हा तपासावेत आणि पहिले ऑइल लवकर, काही शे किलोमीटरांतच बदलावे.